गप्प मुलीचं चित्र

लॉरी हॉल्स अँडरसन यांच्या 'स्पीक' या कादंबरीत काही संवाद नाटकाच्या संहितेसारखे छापले आहेत. मुख्याध्यापक, दोन टिंबं, त्यांचं वाक्य. आई, दोन टिंबं, तिचं वाक्य. मग 'मी', दोन टिंबं आणि पुढे कोरी जागा. नववीतली मेलिंडा सॉर्डिनो बोलत नाही हे लेखिकेला वेगळं सांगावं लागत नाही, ओळच रिकामी राहते. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजची ही मुलगी शाळा सुरू होण्याआधी, उन्हाळ्याच्या शेवटी, एका पार्टीला गेली होती. तिथून तिने पोलिसांना फोन केला. पार्टी उधळली, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी तिच्याशेजारी बसायला कोणी तयार नव्हतं. फोन का केला, हे तिने कोणालाच सांगितलेलं नाही. पुस्तक निम्म्याहून पुढे सरकेपर्यंत ती वाचकालाही ते नीट सांगत नाही. त्याच शाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलाने, अँडी इव्हान्सने, त्या रात्री तिच्यावर बलात्कार केला होता.

हे पुस्तक १९९९ साली आलं. अमेरिकेतल्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत ते पोहोचलं, शाळाशाळांतून शिकवलं गेलं आणि शाळाशाळांतून काढून टाका अशी ओरडही झाली. २००४ साली त्यावर चित्रपट निघाला, त्यात क्रिस्टन स्ट्यूअर्टने मेलिंडाचं काम केलं. आणि २०१८ साली त्याची चित्रकादंबरी आली. संहिता खुद्द अँडरसन यांची, चित्रं कॅनडाच्या एमिली कॅरोल यांची. रंग नाहीत, काळा, पांढरा आणि मधल्या राखी छटा. मूळ पुस्तक दोनशे पानांच्या आसपासचं, चित्रकादंबरी त्याच्या जवळजवळ दुप्पट जाडीची.

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या गंभीर कादंबऱ्यांची अशी रूपांतरं गेल्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेत बरीच झाली. त्यांच्याकडे पाहण्याची आपली नजर मात्र जुनीच असते: कादंबरी वाचायचा कंटाळा करणाऱ्या मुलांसाठी काढलेली सोपी, सचित्र आवृत्ती. ही समजूत अगदीच निराधार नाही. १९४१ साली अल्बर्ट कॅन्टर यांनी न्यूयॉर्कमध्ये अभिजात कादंबऱ्यांची कॉमिक्स काढायला सुरुवात केली (पुढे ती 'क्लासिक्स इलस्ट्रेटेड' म्हणून जगभर गेली), तेव्हा मुलांना मूळ पुस्तकाकडे वळवायचं, हाच त्यांचा हेतू होता. आपल्याकडे १९६७ पासून अनंत पै यांच्या 'अमर चित्रकथे'ने मुलांना पुराणाची आणि इतिहासाची गोडी लावली. या परंपरेत गोष्ट आधीपासून ठाऊक असते किंवा ठाऊक करून द्यायची असते. वरच्या पट्टीत निवेदन, खाली त्याचंच चित्र. घोडा दौडतो आहे असं वर लिहिलेलं असतं आणि खाली घोडा दौडत असतो. त्या कामाला ती रीत पुरते.

'स्पीक'सारख्या पुस्तकाला ती पुरत नाही. कारण या कादंबऱ्यांचा सगळा जोर काय सांगितलं यापेक्षा काय दडवलं यावर असतो. शब्दांना दडवणं सोपं जातं. निवेदिकेने एखाद्या गोष्टीचा विचार करायचा नाही असं ठरवलं, की ती गोष्ट पानावर येतच नाही. चित्राला ही सवलत नाही. खोली काढली की खोलीतला पलंग काढावा लागतो, मुलगी काढली की तिचा चेहरा काढावा लागतो, आणि चेहरा काही ना काही बोलून जातोच. म्हणून अशा कादंबरीचं रूपांतर करणाऱ्याला पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं ते हे: उघडं पाडणाऱ्या माध्यमात लपवायचं कसं?

मेलिंडाचं उदाहरण धरून बसू, कारण तिच्याइतकी अडचणीची नायिका सहसा मिळत नाही. कादंबरीत ती सगळं आपल्याशी बोलते. शाळेत गप्प, पण पानावर बडबडी, तिरकस आणि बऱ्याचदा फार विनोदी. मुलांना हायस्कुलात सांगितल्या जाणाऱ्या दहा खोट्या गोष्टींची यादी ती करते, शिक्षकांना टोपणनावं देते. कादंबरीत हा आवाज एकच आहे, सलग आहे. चित्रकादंबरीत मात्र आवाजाला दोन वेगळी घरं असतात. मनातलं किंवा निवेदनातलं चौकोनी पट्टीत जातं, तोंडातून आलेलं शेपटीच्या फुग्यात. एकदा हे दोन भाग पडले की मेलिंडाच्या पट्ट्यांचा ढीग साचतो आणि फुगे जवळपास नसतातच. वर्गात, बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत इतरांच्या फुग्यांची गर्दी, आणि मधोमध बिनफुग्याची एक मुलगी, जिच्या डोक्याभोवती शब्दच शब्द. तिचं गप्प राहणं कादंबरीत वाचून कळतं. इथे ते पान उघडताक्षणी दिसतं, एक अक्षर वाचण्याआधी. कोऱ्या ओळीला हाच जोडीदार सापडतो, आणि माझ्या मते तो मूळच्या युक्तीपेक्षा कमी दर्जाचा नाही.

पण यात एक खोट आहे. कॉमिक्समध्ये शांतता फार स्वस्त असते. बिनसंवादाची चौकट तर कोणीही काढतो: सूर्यास्त, रिकामा रस्ता, चहाचा कप. तेव्हा 'कोणी बोलत नाही' आणि 'हिला बोलता येत नाही' या दोहोंतला फरक चित्रानेच दाखवावा लागतो. मूळ कादंबरीत मेलिंडा ओठ चावून चावून सोलून काढते. शब्दांत हा तपशील अधूनमधून येतो, मधल्या काळात वाचक तो विसरतोही. चित्रात तो विसरता येत नाही, कारण ओठ प्रत्येक पानावर आहेत.

इथेच रूपांतरातला सगळ्यात मोठा बदल होतो, आणि तो कोणी ठरवून करत नाही, माध्यमामुळे आपोआप होतो. प्रथमपुरुषी कादंबरीत आपण मेलिंडाच्या डोळ्यांतून पाहतो. ती आपल्याला दिसत नाही, तिला दिसणारं जग दिसतं. चित्रकादंबरीत आपण मेलिंडाकडे पाहतो. आतला माणूस बाहेर येतो आणि बाहेरचा वाचक तिला न्याहाळू लागतो. एरवी ही तांत्रिक बाब म्हणून सोडून देता येईल. पण ही मुलगी आरशाकडे पाहत नाही. शाळेतल्या सफाई कामगाराची एक बंद पडलेली खोली तिला सापडते, ती तिथे लपू लागते, आणि तिथला आरसा लेखिका माया अँजेलूंचं पोस्टर लावून झाकून टाकते. जिला स्वतःचं तोंड पाहवत नाही, तिचं तोंड चित्रकाराने पानामागून पान काढत राहायचं आणि वाचकाने ते पाहत राहायचं! जी सहन न होणारी गोष्ट मेलिंडा टाळते, ती वाचकाला टाळता येत नाही. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये सगळे तिच्याकडे टक लावून पाहतात, त्यांच्यात आपणही येतो. सुज्ञ रूपांतरकार ही अडचण झाकत नाही, वापरतो. कधी तिच्या खांद्यामागून दृश्य दाखवायचं, कधी तिला भल्यामोठ्या चौकटीच्या कोपऱ्यात लहान करून टाकायचं, कधी केस चेहऱ्यावर ओढायचे. नाटकात दिग्दर्शक नटाला प्रेक्षकांकडे पाठ करून उभं करतो, तसं.

कॅरोल यांची निवड इथे अर्थपूर्ण वाटते. त्या मूळच्या भयकथांच्या चित्रकार. २०१० साली इंटरनेटवर टाकलेली त्यांची 'हिज फेस ऑल रेड' ही छोटी चित्रकथा गाजली आणि २०१४ साली 'थ्रू द वुड्स' हा संग्रह आला. त्यांच्या त्या कथांत राक्षसापेक्षा दाराआडचा अंधार मोठा असतो. शालेय कादंबरीला एखादा गोडगुलाबी रेषेचा चित्रकार निवडणं प्रकाशकाला सोपं गेलं असतं. भयकथेच्या चित्रकाराकडे हे काम देणं म्हणजे ही गोष्ट मूलतः भीतीची आहे हे मान्य करणं. ज्याने हे केलं तो रोज त्याच इमारतीत, त्याच जिन्यावर भेटतो, ही भीती.

त्या घटनेचं काय करायचं, हा प्रश्न टाळून चालणार नाही. शब्दांत अँडरसन यांनी ती रात्र तुटक, लहान मुलीच्या नजरेतून, थोडक्यात सांगितली आहे. चित्रात काय दाखवायचं? स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' हे पुस्तक लिहिलं, तेही कॉमिक्सच्याच रूपात. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीवर त्यात सविस्तर विवेचन आहे. एका चौकटीत एक माणूस दुसऱ्यावर कुऱ्हाड उगारतो, पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि एक किंकाळी. कुऱ्हाड कुठे लागली, किती खोल गेली, हे चित्रकाराने काढलेलंच नाही. ते वाचकाने मनात केलं. मॅक्लाउड यांचा मुद्दा असा की कॉमिक्समधला खून दोन चौकटींच्या फटीत होतो आणि त्यात वाचक सामील असतो.

कुऱ्हाडीच्या खुनाला ही युक्ती फक्कड आहे. बलात्काराला ती लावताना हात थबकतो. न दाखवता फटीत ढकलून दिलं, तर ती घटना वाचकाच्या, तेही बारा-पंधरा वर्षांच्या वाचकाच्या कल्पनेवर सोपवली जाते. आणि दाखवलं, तर मुलीचं शरीर पुन्हा एकदा पाहण्याची वस्तू होतं. दोन्ही वाटांना काटे आहेत. म्हणून अशा प्रसंगी जाणकार चित्रकार घटनेचं चित्र न काढता ती भोगणाऱ्याची जाणीव काढतो: वरचं आकाश, तोंडावरचा हात, डोळ्यांपुढे फुटत जाणाऱ्या आकृत्या, चौकटीच्या कडा मोडून पानभर पसरलेला काळोख. पुन्हा तिच्याच डोळ्यांतून पाहायचं. कादंबरीने सुरुवातीपासून जी जागा दिली होती ती जागा, जी माध्यमाने हिरावली होती, ती नेमकी या पानांवर परत द्यायची.

आता झाडाचं सांगतो, कारण त्यातली गंमत वेगळी आहे. चित्रकलेचे शिक्षक मिस्टर फ्रीमन वर्गातल्या मुलांना चिठ्ठ्या काढायला लावतात. चिठ्ठीत जो शब्द येईल त्यावर वर्षभर काम करायचं. मेलिंडाच्या वाट्याला 'झाड' येतं. ती लिनोलियमच्या ठोकळ्यात झाड कोरते, ते जमत नाही. थँक्सगिव्हिंगच्या टर्कीची हाडं चिकटवून शिल्प करते, त्यावर बार्बीचं डोकं बसवते आणि तोंडावर चिकटपट्टी लावते. पिकासोची चित्रं पाहून घनवादी झाड काढून बघते. वर्ष संपताना तिला झाड जमतं. कादंबरीत यातलं एकही झाड आपण पाहिलेलं नाही. ती म्हणते फसलं, आपण मानतो फसलं. चित्रकादंबरीत प्रत्येक झाड काढून दाखवावं लागतं. सराईत हाताच्या चित्रकाराने फसलेलं झाड काढायचं, तेही आळशीपणाने फसलेलं नव्हे तर पोटातलं बाहेर येत नाही म्हणून फसलेलं. आणि शेवटचं झाड असं की पाहणाऱ्याने कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या डोळ्यांनी म्हणावं, हो, जमलं. कादंबरीकाराला उधारीवर मिळालेली गोष्ट इथे रोख द्यावी लागते. साहित्यातल्या महान कवींच्या कविता आणि थोर चित्रकारांची चित्रं कायम वर्णनातच राहतात, हे किती सोयीचं आहे, ते अशा वेळी कळतं.

तांत्रिक हिशेबही थोडा पाहू. अमेरिकी कॉमिक्समध्ये जुना ठोकताळा आहे की चौकटीत पस्तीसेक शब्दांपलीकडे गेलात तर चित्र गुदमरतं. पानावर सहा चौकटी धरल्या तर जेमतेम दोनशे शब्द, आणि निम्म्या चौकटी तरी मोकळ्या हव्यात. म्हणजे कादंबरीतली बहुतेक वाक्यं जातात. कोणती जायची? नवखा रूपांतरकार वर्णनं ठेवतो, कारण ती सुंदर असतात. ती आधी जायला हवीत. बर्फ पडतो आहे हे चित्र सांगेल. राहायला हवं ते चित्राशी न जुळणारं वाक्य. चित्रात मुलगी शांतपणे सँडविच खाते आहे आणि वरच्या पट्टीत तिच्या मनातलं वादळ आहे, तर त्या पट्टीने आपली जागा कमावली. चित्र आणि शब्द एकच गोष्ट सांगू लागले की त्यातलं एक फुकट गेलं समजावं.

संहिता झाली की पानांची कच्ची मांडणी होते, बोटभर आकाराच्या रेखाटनांत. खरी कादंबरी इथे नव्याने लिहिली जाते असं मला वाटतं, कारण कोणती चौकट कुठे संपणार ते इथे ठरतं. धक्का द्यायचा असेल तर तो डावीकडच्या पानावर यायला हवा, म्हणजे वाचकाने पान उलटल्यावरच दिसेल. समोरच्या उजव्या पानावर आला तर डोळ्याच्या कोपऱ्यातून तो आधीच हेरला जातो. पेन्सिल, शाई, अक्षरं हे सगळं त्यानंतर.

लपवण्याचा हाच प्रश्न लोइस लॉरी यांच्या 'द गिव्हर'मध्ये वेगळ्या रूपात येतो. १९९३ ची ही कादंबरी, दुसऱ्या वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळालं. जोनास नावाचा मुलगा ज्या शिस्तशीर वस्तीत राहतो, तिथे कोणाला रंग दिसत नाहीत. पण हे लॉरी आपल्याला सांगतच नाहीत. एक सफरचंद हवेत उडताना क्षणभर 'बदलतं', काय बदललं ते जोनासला कळत नाही, आपल्यालाही नाही. पुस्तक बरंच पुढे गेल्यावर उलगडतं की ते लाल दिसलं होतं. तोवर वाचक आपल्या मनाने सगळं रंगवून बसलेला असतो आणि त्याला मागची सगळी पानं पुसून करडी करावी लागतात. हा धक्का चित्रात कसा आणायचा? रंगीत काढलं तर खोटं, करडं काढलं तर गुपित पहिल्याच पानावर फुटलं. पी. क्रेग रसेल यांच्या २०१९ च्या चित्रकादंबरीत या अडचणीतून वाट काढली आहे, तीही कॉमिक्सच्याच एका जुन्या सवयीच्या आधाराने. एकरंगी कॉमिक्स जगभर निघतात, ती पाहून 'इथल्या लोकांना रंग दिसत नसावेत' असं कोणाच्या मनातही येत नाही. वाचक एकरंगी पानांना छपाईची पद्धत समजतो आणि पुढे सरकतो. मग एके ठिकाणी रंग डोकावतो आणि जी पद्धत वाटली होती ती त्या जगाची अवस्था होती हे कळतं. लॉरींनी भाषेतल्या ज्या गाफीलपणाचा फायदा घेतला, तसाच चित्र पाहण्यातल्या गाफीलपणाचा इथे घेतला आहे. रूपांतर मूळ कृतीशी प्रामाणिक असावं म्हणतात, ते मला असं असावंसं वाटतं. शब्द सुटले तरी चालतील, डाव सुटता कामा नये.

काही कादंबऱ्या वरवर पाहता चित्रासाठीच लिहिल्यासारख्या असतात आणि त्याच जास्त फसवतात. वॉल्टर डीन मायर्स यांची 'मॉन्स्टर' घ्या. कुमारसाहित्यासाठीचा प्रिन्ट्झ पुरस्कार २००० साली सुरू झाला, तो पहिल्यांदा 'मॉन्स्टर'लाच मिळाला, आणि त्याच वर्षी 'स्पीक'ही त्याच्या सन्मानयादीत होती. हार्लेममधल्या दुकानदाराच्या खुनात सामील असल्याच्या आरोपावरून सोळा वर्षांचा स्टीव्ह हार्मन तुरुंगात आहे आणि आपला खटला तो चित्रपटाच्या पटकथेच्या रूपात लिहून काढतो. पटकथा म्हणजे कॅमेरा कुठे, माणसं कुठे, सगळं तयार! गाय सिम्स यांची संहिता आणि त्यांचे बंधू दावूद अन्याब्विले यांची कृष्णधवल चित्रं, असं त्याचं रूपांतर २०१५ साली आलं. पण खोच अशी की मूळ पटकथा स्टीव्हची आहे. तो आरोपी आहे, आणि स्वतःला हवं तसं दाखवतो की खरं तसं, ही शंका वाचकाला शेवटपर्यंत सोडत नाही. कागदावर लिहिलेलं दृश्य म्हणजे कोणाचं तरी म्हणणं असतं. काढलेलं दृश्य म्हणजे घडलेली गोष्ट वाटते. त्या दिवशी स्टीव्ह दुकानात होता की नव्हता, यावर अख्खा खटला उभा आहे, आणि चित्रकाराने त्याला दारात उभा काढला की आपण ज्यूरीच्या आधी निकाल देऊन बसतो.

जेसन रेनॉल्ड्स यांची 'लाँग वे डाउन' (२०१७) ही मुक्तछंदातली कादंबरी. भावाच्या खुनाचा सूड घ्यायला पिस्तूल घेऊन निघालेला पंधरा वर्षांचा विल लिफ्टमध्ये शिरतो, आणि साठ सेकंदांच्या त्या प्रवासात मजल्यामजल्यावर त्याच्या ओळखीचे मेलेले लोक आत येत जातात, सिगारेटी पेटवत. डॅनिका नोव्हगोरोडॉफ यांनी २०२० साली ती जलरंगांत उतरवली आणि २०२२ चं ब्रिटिश ग्रंथपालांचं केट ग्रीनअवे पदक मिळवलं. लिफ्टभर कोंदत जाणारा धूर, त्यात कोण जिवंत आणि कोण मेलेलं याच्या विरघळत्या कडा. याला शाईच्या रेघेपेक्षा ओला रंग किती मानवतो ते पुस्तक हातात घेतल्यावर पटतं.

चौकट मोडण्याचा विषय निघाला तर 'भीमायन' आठवल्याशिवाय राहत नाही. २०११ चं हे पुस्तक कादंबरीचं रूपांतर नाही, डॉ. आंबेडकरांच्या आत्मपर नोंदींवर आधारलेलं आहे, पण त्यातला पहिला अनुभव एका लहान मुलाचाच आहे: १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला भीम आणि बरोबरची मुलं, मसूर स्टेशन, गाडीवानांचा नकार, आणि रात्रभर पाणी नाही. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांच्या संहितेला दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चित्रं दिली. त्यांनी माणसांना चौकटीत कोंडायला नकार दिला. चौकटींच्या जागी त्यांच्या भिंतचित्रांतल्या नागमोडी नक्षीपट्ट्या आल्या. बोलण्याचे फुगेही सरसकट नाहीत. प्रेमाने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि जातीचा विखार ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. लहान मुलाला समजवून सांगण्याची गरजच उरत नाही. अमेरिकी पाठ्यपुस्तकांतून कॉमिक्सचं व्याकरण शिकलेल्यांनी हे पुस्तक जरूर चाळावं.

चित्रपट असताना चित्रकादंबरी कशाला, असंही विचारलं जातं. उत्तर वाचकाच्या बोटांत आहे. चित्रपट आपल्या वेगाने जातो. अंधाऱ्या खोलीत दृश्य सुरू झालं की ते संपेपर्यंत भोगावं लागतं. चित्रकादंबरीचा वाचक भीतिदायक पान झटकन उलटू शकतो, मिटून ठेवू शकतो, दोन दिवसांनी परत येऊन त्याच चौकटीवर दहा मिनिटं थांबू शकतो. 'स्पीक' वाचणाऱ्या काही मुलींना मेलिंडासारखाच अनुभव आलेला असणार, हे अँडरसन यांना पक्कं ठाऊक होतं. त्या स्वतः तेराव्या वर्षी यातून गेल्या होत्या, आणि चित्रकादंबरीच्या पुढच्याच वर्षी, २०१९ साली, 'शाऊट' या कवितारूप आत्मकथनात त्यांनी ते सविस्तर लिहिलं. अशा वाचकाच्या हाती वेगाचा लगाम असणं ही लहान गोष्ट नाही.

याच गुणाची दुसरी बाजू म्हणजे चित्र सहज उचलून दाखवता येतं. दोनशे पानांच्या कादंबरीतला आक्षेपार्ह परिच्छेद शोधायला कादंबरी वाचावी लागते. चित्रकादंबरीतलं एक पान फोटो काढून शाळेच्या समितीपुढे ठेवता येतं, आधीची आणि नंतरची पानं न पाहता. अ‍ॅन फ्रँकच्या डायरीचं उदाहरण बोलकं आहे. आरी फोलमन आणि डेव्हिड पोलोन्स्की यांनी तिचं चित्ररूप केलं, इंग्रजीत ते २०१८ साली आलं. सगळी डायरी चित्रात घेतली असती तर पानं हजारांत गेली असती, म्हणून त्यांनी अनेक नोंदी एकत्र विणल्या आणि काही लांब नोंदी मात्र जशाच्या तशा, केवळ मजकूर म्हणून ठेवल्या. चित्रकारांनी शब्दांसाठी अशी वाट मोकळी करून देणं मला फार भावलं. डायरीत वयात येणाऱ्या अ‍ॅनने स्त्रीच्या सौंदर्याबद्दल, पुतळ्यांबद्दल काही ओळी लिहिल्या आहेत. चित्रात त्या ओळींचं बागेतल्या विवस्त्र ग्रीक पुतळ्यांमधून चालणाऱ्या अ‍ॅनचं पान झालं. ओळी त्याच, पण वाचताना निसटून जाणारं काहीतरी आता पान अडवून बसलं. २०२३ साली फ्लोरिडातल्या व्हेरो बीचच्या हायस्कूलमधून हे पुस्तक हटवलं गेलं. मूळ डायरी ग्रंथालयात राहिली.

'स्पीक'वरचे आक्षेप मूळ कादंबरीपासूनच चालत आले आहेत. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०२० साली सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांची यादी काढली, त्यात ती चौथी होती. मेलिंडाने आरशावर लावलेलं माया अँजेलूंचं ते पोस्टर तिला शाळेच्या ग्रंथपालांकडून मिळालेलं असतं, कारण शाळेच्या मंडळाने अँजेलूंच्या एका पुस्तकावर बंदी घातलेली असते. हे अँडरसन यांनी १९९९ मध्येच लिहून ठेवलं होतं.